विहीणबाईंशी बोलायचं होतं

मास्तरांचा उभा जन्म फळ्यापुढे गणित शिकवण्यात गेला होता. त्यामुळे स्पॅनिशच्या वर्गातल्या तरुण बाई फळ्याकडे फिरकतसुद्धा नाहीत, हे बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. बाईंची पद्धतच उलटी होती. व्याकरण त्या व्हिडिओत समजावत. तो घरी बघून यायचं आणि वर्गात नुसतं बोलायचं.

"शिकायचं घरी, अभ्यास वर्गात. मग बाई करतात काय?" मास्तर घरी कुरकुरत.

"ऐकतात," बायको म्हणायची. "तुम्हाला ती सवय नाही, म्हणून खटकतं."

दोघांनी वर्गात नाव घातलं होतं ते लेकीपायी. तिने परदेशात लग्न केलं होतं, राहायला ती सासूच्याच घरी होती आणि विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिकडून त्या हसत, इकडून हे दोघं हसत, आणि गाल दुखायला लागले की फोन ठेवत.

मास्तर प्रत्येक व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचे. क्रियापदांची रूपं तोंडपाठ होती. एके दिवशी बाईंनी नवराबायकोची जोडी लावली. बायकोने विहीणबाई व्हायचं, मास्तरांनी फोन करायचा.

"ओला, कोमो एस्ता?" बायकोने विचारलं. नमस्कार, कसे आहात?

"ब्येन," बरा आहे, एवढं मास्तर म्हणाले आणि गाडी तिथेच अडली. रूपं डोक्यात ओळीने उभी, पण जिभेवर एकही येईना.

"बाई, जरा फळ्यावर समजावून सांगता का?"

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "ते तुम्हाला येतंय, मास्तर. विहीणबाईंना खरंच काय सांगायचंय? आधी आपल्या भाषेत सांगा."

मास्तरांनी पुढ्यातली वही मिटली. मग खाली बघत म्हणाले, "आमची मुलगी रागावली की जेवत नाही. कुणीतरी दोनदा विचारावं लागतं. तिकडे कोण विचारणार?"

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. हे ते तिच्यापाशीही कधी बोलले नव्हते.

उरलेला तास त्या एका वाक्यावर गेला. बाईंनी आयता शब्द दिला नाही. 'जेवणं' कुठल्या व्हिडिओत आलंय, 'नाही' कुठे बसतं, एवढंच विचारत राहिल्या. 'रागावलेली' शेजारच्या बाकावर शिकायला बसणाऱ्या एका नर्सने सुचवलं. मास्तर चुकले, अडखळले, पुन्हा म्हणाले.

रविवारी फोन लागला. मास्तरांनी घसा खाकरला. "मि इखा नो कोमे क्वांदो एस्ता एनोखादा." माझी मुलगी रागावली की जेवत नाही.

विहीणबाईंनी फोन जवळ धरला. "मि इखो ताम्पोको."

'इखो' म्हणजे मुलगा, इतकं कळलं. पुढचं अडलं.

"त्यांचा मुलगाही जेवत नाही म्हणे," बायको हळूच म्हणाली. "'ताम्पोको' म्हणजे 'तोही नाही'. पुढच्या व्हिडिओत आहे, मी बघितलाय."

"म्हणजे भांडण झालं की दोघंही उपाशी?"

"दिसतंय तसंच."

तिकडे विहीणबाई भराभर बोलायला लागल्या होत्या. मास्तरांनी हात वर केला. "देस्पासियो." सावकाश.

त्या सावकाश बोलल्या. अर्धंमुर्धं कळलं ते असं, की अशा वेळी त्या दोन ताटं वाढतात, दोघांच्या मध्ये बसतात आणि ताटं रिकामी झाल्याशिवाय उठत नाहीत.