फिरकीचा तांब्या

आत्याची चाहूल पावलांनी लागत नसे, पाण्याने लागे. कापडी पिशवीतल्या फिरकीच्या तांब्यात ते डुचमळत यायचे, आणि त्या आवाजामागून तिचा सावळा, उन्हात वाळलेला चेहरा उगवे. सांगोल्याकडची माणसे घराबाहेर पडताना पाणी बरोबर घेतातच. पण एकही थेंब सांडू न देण्याची तिची दक्षता व्रतासारखी होती.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोल करताना दरड कोसळली आणि तिचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा भीमा, आत गाडला गेला. विहिरीला पाणी लागले नाही, आणि आत्याच्या डोळ्यांनाही आले नाही. पुढची दोन वर्षे ती खुरपत होती, मेंढरे राखत होती, जेवत होती. रडत तेवढी नव्हती. हिला एकदा रडवा, नाहीतर ही आतल्या आत संपेल, असे बायका म्हणत. मी तेव्हा महाबळेश्वरला कारकून होतो आणि सगळे शहाणपण आपल्यालाच कळते असे वाटण्याच्या वयात होतो. एवढे पाणी कोसळताना पाहून हिचा बांध फुटेल, अशा भाबड्या समजुतीने मी तिला घेऊन आलो.

आश्विनातल्या एका सकाळी आम्ही जंगलातल्या आडवाटेच्या धबधब्याकडे निघालो. धुके इतके दाट होते की पुढे चालणारी आत्या मधूनच नाहीशी होई आणि केवळ तांब्याचा आवाज उरे. शेवाळलेल्या दगडांवरून ती अनवाणी, न घसरता चालली. धापा मी टाकत होतो. दोन तासांनी झाडी सरली आणि काळ्या कड्यावरून पाणी कोसळताना दिसले. तुषारांनी तिचे लुगडे भिजले. मी धबधबा पाहिलाच नाही, तिचे डोळे पाहत राहिलो. ते कोरडेच होते.

कड्याच्या माथ्याकडे पाहत ती म्हणाली, “पानी हितं वर हुतं की रं. आन् आमी तितं खाली खणत हुतो.” बाजारातला भाव सांगावा, तसा आवाज.

मग तिने फिरकी उघडली. तांब्यात घरून आणलेले टँकरचे पाणी अजून निम्मे होते, आणि तिला तांब्या रिकामा हवा होता. ते ओतून द्यायला मी हात पुढे केला.

“घरचं पानी सांडू न्हाय लेका. पी.”

समोर कडाभर पाणी कोसळत होते, आणि आम्ही दोघे थंडीने काकडत ते मचूळ पाणी आळीपाळीने घोटघोट संपवत होतो. मला हसू यायला हवे होते, आले नाही. तांब्या रिता झाल्यावर तिने तो धबधब्याखाली धरला.

मी तिला सोडायला गेलो. एस.टी.त तिने तांब्या मांडीवरून खाली ठेवला नाही. सांगोल्याला उतरल्यावर घराकडे न जाता ती शेतातल्या त्या विहिरीकडे वळली आणि काठाशी वाकून सगळे पाणी आत ओतले.

“पी रं, भीमा,” एवढेच म्हणाली, आणि रिकाम्या तांब्याला फिरकी लावली. तेव्हाही ती रडली नाही. मीही नाही.

आत्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तांब्या माझ्याकडे आहे. काळाच्या ओघात भीमाचा चेहरा पुसट झाला, आत्याचाही होऊ लागला आहे. पण त्या दिवशी काठावर उभा राहून, ओतलेले पाणी तळाला पोचल्याचा आवाज मी ऐकू पाहत होतो, आणि तो अजून आलेला नाही.