दुसरी खुर्ची

शंकूला तडा गेला होता, बुडापासून अर्ध्यापर्यंत. बोटानं दाबला की तडा उघडायचा, सोडला की मिटायचा... त्यानं दोन-तीनदा दाबून पाहिला आणि मग तो नारिंगी शंकू गवतावर ठेवला, सहा पावलं मोजली, पुढचा ठेवला. सरावाला अर्धा तास होता. शंकू मांडणं मुख्य प्रशिक्षकाचं काम नव्हे, सहायकाचं. पण चौदा वर्षं तो या फुटबॉल क्लबात सहायकच होता, आणि तीन महिन्यांपूर्वी साहेबांना, म्हणजे आधीच्या मुख्य प्रशिक्षकांना काढून ‘नवा माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा’ असं त्याला सांगितलं तेव्हा शंकूंबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

“ठेवा ते!” कपड्यांच्या खोलीच्या दारातून मावशी ओरडल्या. खेळाडूंचे कपडे धुणाऱ्या, सगळ्यांना दटावणाऱ्या मावशी. “चारला साहेबांच्या जागेची मुलाखत ना? गुडघे बरबटून जाणार का वर?”

“मुलाखत कसली मावशी, चौदा वर्षं ओळखतात मला.”

“म्हणूनच तर घेतायत!”

तो हसला, पण ते त्याला झोंबलं. लायक आहे का, लायक आहे का... पेपरात तेच, केस कापायला बसलं तरी तेच, मेहुण्याच्या फोनवर तेच — ‘अकरा सामने, सात जिंकलेत, आता काय आरती ओवाळायची राहिली का?’ मेहुणा आपल्या बाजूचा, तरी राग येतो. डोंबलाची लायकी! साहेब जिंकत होते तेव्हा समोरच्या संघात डावा पाय कुणाचा लंगडा आहे हे त्यांच्या कानात कोण सांगत होतं? मी. आणि साहेब मान हलवायचे, आणि ती मान हलली की मगच मी उठायचो, बदली खेळाडूला हाक मारायचो. उत्तम चालत होतं. माझ्या नावाची कुणाला पडली नव्हती, मलाही नाही — खरंच नाही? जाऊ दे.

सराव झाला. पोरं नीट पळाली. पण तो ड्रेसिंग रूममध्ये शिरला आणि हसणं थांबलं, गेले तीन महिने रोज थांबतं तसं. आधी ‘दादा’ म्हणत, साहेबांच्या कागाळ्या घेऊन त्याच्याकडेच येत. आता ‘सर’ म्हणतात, आणि कागाळ्या कुणाकडे नेतात देव जाणे. फक्त कप्तान बाहेर मागोमाग आला.

“सर, वर रविवारचं विचारतील.”

“विचारू देत.”

“मी सांगतो. उजव्या बाजूच्या पोराला बाहेर काढू नका, दोन मिनिटं थांबा, असं मीच म्हणालो होतो म्हणून. माझ्यावर ढकला.”

भला पोरगा. त्यानं कप्तानाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हात ठेवला म्हणजे होकारच दिला, हे दोघांनाही कळलं.

रविवार. एक-शून्यनं पुढे, सात मिनिटं उरलेली, आणि उजव्या बचावपटूचा पाय आखडला — इतर कुणाच्या लक्षात यायच्या आत माझ्या आलं, कारण तेच तर मला येतं! मी उजवीकडे वळलो, म्हणालो, “याला काढू या,” आणि थांबलो. मान हलायची वाट बघत. शेजारची खुर्ची रिकामी होती. अकरा सामने ती रिकामीच होती. पहिली खुर्ची साहेबांची, मी दुसरीत, चौदा वर्षांच्या सवयीनं, आणि पहिलीत बस म्हणून कुणी सांगितलं नाही, बसू नको असंही नाही... सहायक देऊ का, असं कार्यकारिणीनं विचारलं तेव्हा ‘नको, मी सांभाळतो’ म्हणणाराही मीच. किती वेळ गेला? घरी लेकीनं चित्रफीत मागेपुढे करून मोजला. चाळीस सेकंद. तेवढ्यात चेंडू त्याच बाजूनं आला, लंगडणारा पोरगा पोचला नाही, आणि एक-एक.

“बाबा, तू कुणाशी बोलत होतास?” लेकीनं विचारलं. बायको ताटं घेता घेता थांबली. तो म्हणाला, कुणाशी नाही. आणि ते खरंच होतं की!

चार वाजता तो वर गेला. लांब टेबल, पलीकडे अध्यक्ष, चिटणीस आणि आणखी दोघे. त्यांतला एक सारखा घड्याळ बघणारा. डावपेच विचारले, पोरांच्या शिस्तीचं विचारलं, त्यानं चोख उत्तरं दिली. मग चिटणिसांनी चष्मा पुसला.

“रविवारी बदली खेळाडू इतक्या उशिरा का?”

कप्तानाचं वाक्य तोंडाशी तयार होतं. पण ते पोरगं उद्या यांच्या पुढ्यात उभं राहून माझ्यासाठी खोटं बोलणार, आणि मी मूग गिळून बसणार, म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी मानेच्या आडच...

“मी साहेबांना विचारत होतो,” तो म्हणाला.

“साहेब तर तीन महिन्यांपूर्वीच...”

“हो. तरी विचारत होतो. रिकाम्या खुर्चीला. चाळीस सेकंद. चूक माझी, कप्तानाची नाही, कुणाचीच नाही. पुन्हा होणार नाही असं म्हणत नाही. सवय आहे, मोडतोय.”

घड्याळ बघणारा पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होता.

“बरं,” अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर थांबा. आम्ही आपसात बोलतो.”

बाहेर बाक होता. साहेबांच्या प्रत्येक बैठकीला तो त्याच बाकावर फाईल घेऊन बसला होता.

“नाही थांबत,” तो म्हणाला. आपलाच आवाज इतका शांत कसा, याचं त्याला नवल वाटलं. “उद्या आठला सराव आहे. काय ठरेल ते तिथं येऊन सांगा.”

तो जिना उतरू लागला. गेली वाटतं नोकरी! स्वतःच्या हातानं घालवली, मूर्खासारखी... त्यानं कठडा धरला. आणि तिथं, मधल्या पायरीवर, छातीत असं काही उसळून आलं की त्याला खालीच बसावं लागलं. लायकीचा हिशोब इतके दिवस करतोय, सात जिंकले, दोन हरले, दोन बरोबरी, सगळ्यांना तोंडपाठ. पण मला हे हवंय का, असं चौदा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं... साहेबांना नाही, बायकोला नाही, स्वतःला तर नाहीच.

“मला हवंय,” तो मोठ्यानं म्हणाला.

वरून कुणीतरी उतरत होतं. तो उठला नाही, आणि आवाजही खाली आणला नाही.

“मला हवंय हे.”