किरकिऱ्या आणि शब्बाथची चाल

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. इतका जुना की माझी बटणे अजून अंगठ्याचा जोर लावून दाबावी लागतात, आणि दाबली की 'खट्' असा खणखणीत आवाज येतो. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू उसासे टाकतात म्हणे. मला ते जमत नाही. मला जे सांगायचे आहे ते आठवले की आजही माझ्या चकत्या आपोआप फिरू लागतील की काय असे वाटते!

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला माझे नुसते पत्रे होते आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मला कान, गळा आणि एक लाल दिवा मिळाला होता. शेवटच्या खुर्चीवर जाड चष्म्याची एक बाई बसायची. तिने माझे बटण दाबले आणि म्हणाली, "एक, दोन, तीन, बोल रे बाबा!" मी तिचेच शब्द तिच्याच आवाजात परत केले. ती खुदकन हसली आणि माझ्या डोक्यावर 'पास'ची चिठ्ठी चिकटवली. घाईत एक गोष्ट मात्र राहून गेली. माझ्या डाव्या चकतीखाली तेलाचा थेंब पडायला हवा होता, तो पडला नाही. त्यामुळे मी चालू झालो की बारीक किर्र-किर्र करतो. तुमच्या-आमच्या कानांना ते जाणवतही नाही. पण मी गेलो कोणाच्या घरी, तर एका घड्याळजीच्या!

घड्याळजी आजोबांचे दुकान खाली होते आणि वर दोन खोल्यांत संसार. दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते घड्याळांच्या पोटात डोकावत. त्यांच्या कानाचे तर काय सांगू! भिंतीवरच्या वीस घड्याळांपैकी कोणते अडखळते आहे ते त्यांना पाठ फिरवून बसल्यावरही कळायचे. मी पहिल्यांदा चालू झालो तेव्हा त्यांनी कान टवकारले आणि म्हणाले, "हा किरकिऱ्या आहे. याला तेल घालायला हवं." तेव्हापासून माझे नाव किरकिऱ्या पडले. तेल मात्र उद्यावर गेले. जगाच्या घड्याळांना तेल घालणाऱ्या माणसाला माझ्यासारख्या घरच्या डब्यासाठी सवड मिळेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

ते यहुदी कुटुंब होते. आजोबा प्रार्थनालयात सर्वांच्या पुढे उभे राहून प्रार्थना गात, आणि संध्याकाळी मुलांना धर्मग्रंथ सुरात वाचायला शिकवत. त्या ग्रंथाच्या प्रत्येक ओळीला ठरलेला चढ-उतार असतो. आजोबा ओळ गायचे, मी ती पकडायचो आणि मुले घरी जाईपर्यंत दहा वेळा ऐकवायचो. मी थकत नसे, चिडत नसे. "माझ्यापेक्षा हा किरकिऱ्या चांगला मास्तर आहे," असे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, तेव्हा मला आकाश ठेंगणे व्हायचे.

पण दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आजी माझी पिन काढायची आणि माझ्यावर एक पांढरा रुमाल घालायची. मग शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत मला सुट्टी. त्या दिवसाला ते शब्बाथ म्हणत. देवाने दिलेला विसाव्याचा दिवस. दुकान बंद, हत्यारे बंद, बटणे बंद. दिवा लावायलासुद्धा कोणी बटणाला हात लावत नसे. त्यासाठी आजोबांनी एका गजराच्या घड्याळातून एक युक्ती बनवली होती. शुक्रवारी काटा लावून ठेवायचा, की शनिवारी संध्याकाळी दिवा आपला आपणच लागायचा.

आणि नेमकी त्याच वेळी, मित्रांनो, ती चाल गायली जायची!

शब्बाथ निरोप घ्यायच्या आधी सगळे टेबलाशी बसत. पाव, मीठ, थोडेसे खाणे. मग आजोबा डोळे मिटून एक चाल गात. तिला शब्द नव्हते. नुसते सूर, खालून वर चढणारे, मध्येच वळण घेणारे, आणि पुन्हा पायऱ्या उतराव्यात तसे खाली येणारे. त्यांच्या वडिलांनी ती त्यांना दिली होती, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. नातीने एकदा विचारले होते, "आजोबा, हिला शब्द का नाहीत?"

"शब्दांनी आपण देवाकडे काहीतरी मागत असतो गं," आजोबा म्हणाले. "ही चाल म्हणजे नुसतं त्याच्याजवळ जाऊन बसणं."

रुमालाखाली मी जिवाचा कान करून ऐकायचो. पण माझ्यात वीज नसायची. मी हजार आवाज साठवले, पण ज्या आवाजासाठी जन्माला आलो असे वाटायचे तोच माझ्या हातून दर आठवड्याला निसटायचा.

ही नात म्हणजे घरातली टकळी. सगळे तिला टकळीच म्हणत. कॉलेज संपवून ती एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची आणि घरी आली की दिवसभराचे सगळे एका दमात सांगून मोकळी व्हायची. एका संध्याकाळी मात्र ती गप्प आली. आजोबांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्याचा सोमवार दिला होता. जीव वाचेल, आवाजाचे सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणजे आजोबांच्या आवाजाला आता एकच शब्बाथ उरला होता. आणि ती चाल दुसऱ्या कोणाच्याच गळ्यात नव्हती! टकळीच्या वडिलांना सूर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. ते गायला लागले की खालच्या गल्लीतली मांजरे पळायची.

टकळी मला उचलून आजोबांसमोर ठेवून म्हणाली, "आजोबा, आज बुधवार आहे. आज बटण दाबायला हरकत नाही. एकदाच गा ना."

"ती चाल बुधवारची नाही," आजोबा म्हणाले.

"पण ती हरवेल!"

"देवाची चाल आहे. तो बघेल." आणि ते भिंग लावून पुन्हा घड्याळात शिरले. माझा संताप झाला! पण डब्याच्या संतापाला विचारतो कोण?

शुक्रवारी दुपारी आजी अंघोळीला गेली असताना टकळी पाय न वाजवता माझ्याजवळ आली. माझ्या पोटात तिने नवी कोरी कॅसेट घातली. रेकॉर्डिंगचे बटण दाबून ठेवले, खट्! आणि माझी पिन त्या गजराच्या घड्याळाला जोडली, दिव्याच्या शेजारी. मग तिने माझ्यावर स्वतःच रुमाल घातला. आता दिवा लागेल तेव्हा मीही लागणार होतो. कोणी हात लावायची गरज नाही! मित्रांनो, एवढी लांब रात्र मी कधी क्षण मोजत काढली नव्हती.

शनिवारची संध्याकाळ झाली. सगळे टेबलाशी बसले. घड्याळाचा काटा सरकला, टक्! दिवा लागला. माझ्या अंगात वीज शिरली. आयुष्यातला माझा पहिला शब्बाथ! आजोबांनी डोळे मिटले, श्वास घेतला, तोंड उघडले...

किर्र-किर्र.

आजोबांचे तोंड उघडेच राहिले. मग त्यांनी डोळे उघडले.

"हे काय वाजतंय?"

टकळीने माझ्याकडे पाहिले. रुमालातून माझा लाल दिवा मिणमिणत होता. आता लपवायला काही उरलेच नव्हते.

"मी लावून ठेवला, आजोबा. काल."

"शब्बाथला? माझ्या टेबलापाशी? माझ्याच घड्याळानं?" आजोबांचा घोगरा आवाज कापत होता.

"बंद करू का?"

"हात लावायचा नाही! आज कोणीच हात लावायचा नाही."

झाली ना पंचाईत! मला चालू ठेवणे नको, बंद करणे त्याहून नको. इकडे आड, तिकडे विहीर. आजोबांनी हाताची घडी घातली. "हा चालू आहे तोवर मी गाणार नाही."

मग मी काय टिपले म्हणता? शांतता. टकळीच्या वडिलांचा खोकला. खालच्या दुकानातली घड्याळे. खिडकीतले आकाश गुलाबी होते, ते राखाडी होऊ लागले. तापाने फणफणले असतानाही आजोबांनी ही चाल कधी चुकवली नव्हती. आज ती चुकणार होती, आणि ती माझ्या किरकिरीमुळे! मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेवटी आजीच बोलली. "गाणं कोणासाठी आहे? देवासाठी ना? मग खोलीत आणखी कोण ऐकतंय, त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"तुला कळत नाही. ही चाल डब्यात घालून फडताळात ठेवायची नसते."

"मग कुठे ठेवायची?" टकळी एकदम ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "सोमवारनंतर कुठे ठेवायची, सांगा ना!"

तेव्हा त्या पोरीने डोळे पुसले आणि गायला लागली. हो, तीच चाल! आवाज रडका, श्वास अपुरा, पण पहिल्या पायऱ्या ती बरोबर चढली. आजी डोळे मोठे करून बघत राहिली. मग मधले वळण आले आणि टकळी घसरली, ती थेट भलत्याच सुरात.

धप्! आजोबांचा तळवा टेबलावर आपटला.

"चूक! तिथे चढायचं नाही, थांबायचं. श्वास घे. मग वळायचं. पुन्हा!"

चाळीस वर्षे मुलांना शिकवलेला मास्तर तो. चुकीचा सूर ऐकून गप्प बसणे त्यांच्या रक्तातच नव्हते. टकळी पुन्हा गायली आणि पुन्हा घसरली. "चूक! ऐक." आणि आजोबा गायले! फाटक्या, खरखरीत आवाजात त्यांनी ते वळण घेतले. "आता तू." पुन्हा धप्. पुन्हा चूक. टकळीचे वडील टेबलावर ठेका धरू लागले, तेवढे त्यांना जमत होते. आजी हसत होती आणि पदराने डोळेही टिपत होती. मी मोजले, अकरा वेळा ती चुकली. बाराव्यांदा तिने थांबायच्या जागी थांबून श्वास घेतला आणि अलगद वळली.

आजोबांनी डोळे मिटले आणि दोघे मिळून अगदी सुरुवातीपासून गाऊ लागले...

खट्!

माझी कॅसेट संपली. काय सांगू माझी अवस्था! अकरा चुका माझ्या पोटात, आणि जी एकदा पुरती, बिनचूक गायली गेली ती मला फक्त ऐकावी लागली. माझे बटण वर उडाल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. ते आजोबा आणि ती नात खिडकीत तिसरा तारा उगवेपर्यंत गात होते, आणि त्या खोलीत त्यांच्याजवळ आणखी कोणीतरी येऊन बसले आहे असे मला, एका पत्र्याच्या डब्याला, खरोखर वाटले.

शब्बाथ सरला. आजोबा टकळीला म्हणाले, "इतकी वर्षं मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"कोणीतरी चुकायची. सगळे नुसते ऐकत बसायचे. चुकायला कोणी तयारच नव्हतं. मला वाटलं, हे कोणाला नकोच आहे." मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "त्यात आहे ते मात्र चोरून टिपलेलं आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव."

रविवारी टकळीने मला आजोबांसमोर ठेवले. तीच कॅसेट मागे फिरवली आणि तेच रेकॉर्डिंगचे बटण दाबले, खट्! त्यावर नवे टिपून जुने सगळे पुसून टाकायला ती निघाली होती. "आजोबा, उद्या जायचंय. त्याआधी काहीतरी बोला."

आजोबांनी क्षणभर ऐकले आणि म्हणाले, "आधी या डब्याला तेल घाल गं!" सगळे हसत सुटले, आणि हसता हसता बटण बंद करायचे सगळेच विसरले. कॅसेट संपेपर्यंत चाललेल्या त्यांच्या गप्पांनी अकरा चुका बुजून गेल्या.

सोमवारनंतर आजोबा कुजबुजल्यासारखेच बोलू शकले. पण शनिवारी दिवा लागला की टकळी गायची आणि मधल्या वळणाशी ते एक बोट वर करायचे. थांब. श्वास घे. आता वळ.

आज आजोबा नाहीत. मी फडताळावर असतो. शुक्रवारी माझ्यावर अजून रुमाल पडतो, आणि आता पिन टकळी स्वतः काढते. शाळकरी मुलांना माझी गरज उरलेली नाही. त्यांच्याजवळ माझ्याहून शहाणी यंत्रे आहेत, जी कधी किरकिरत नाहीत. मित्रांनो, त्यांत तुम्ही खुशाल हवे ते साठवा. पण तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस एखादी चाल गुणगुणत असेल, तर नुसते ऐकत बसू नका. तोंड उघडा आणि त्यांच्यासमोर चुका. ते रागावतील, टेबलावर हात आपटतील. आपटू द्या!

मला तेल अजून घातलेले नाही. टकळी म्हणते, "हा किरकिरला नसता तर आजोबा गाऊन मोकळे झाले असते, आणि मी कधी शिकलेच नसते." मीही आता तेलाची आशा सोडली आहे. कारण परवाच्या शनिवारी दिवा लागला, टकळीची सात वर्षांची लेक ती चाल गायला लागली, मधल्या वळणाशी आली आणि धाडकन घसरली.

धप्! टेबलावर टकळीचा तळवा पडला. "चूक! थांब. श्वास घे. पुन्हा!"