दमलेला हॉर्न

हॉर्न असा किंचाळला की मांगराच्या छपराखालच्या कोंबड्या अंगणापार पळाल्या. सत्यवान मिस्त्रीने बटणावरचं बोट चटका बसल्यासारखं उचललं. ओट्यावर बसलेल्या राधाबाईंनी मान हलवली.

"ह्यो न्हय रे तेंचो आवाज."

राधाबाईंच्या यजमानांची, डॉक्टरांची, ही जुनी मोटार सहा व्होल्टची. डॉक्टर गेल्यापासून ती मांगरात उभी होती. आता मुलगा सुदेश तिला पुण्याला न्यायला आला होता. सहाची बॅटरी कणकवलीत कुणाकडे मिळेना, म्हणून त्याने बाराची आणली. दिवे बदलले, पण हॉर्न आणि वायपर वडिलांच्या वेळचेच हवेत असा त्याचा हट्ट. आईची मात्र एकच अट होती.

"गाडी खुशाल पुण्याक व्हर. तेच्याआधी हॉर्न माका एकदा आयकव. होतो तसो."

रोज व्हिजिटी आटपून डॉक्टर वळणावर आले की हॉर्न वाजायचा आणि राधाबाई चहाचं आधण ठेवायच्या. त्या आवाजावर त्यांचा सगळा संसार चालला होता. तो एकदा ऐकायचा, एवढंच त्यांचं मागणं.

सत्यवानचा जन्म बाराच्या गाड्यांत गेलेला. सुरुवातीला त्याने सवयीने काळी, मायनसची वायर बॉडीला लावली, तर अ‍ॅमीटरचा काटा उलटाच पळाला. या मोटारीत प्लस बॉडीला! ते निस्तरलं, तर बाकीच्या वायरी धुळीने सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या. कुठली कुठे जाते, काही सुधरेना. असल्या भानगडीत पडायचंच नव्हतं, पण राधाकाकींना नाही कसं म्हणणार?

सुदेशने मोबाइलवर बघून सांगितलं की, जादा वीज अडवायला प्रत्येक वस्तूला वेगळा रेझिस्टर लावायचा. सत्यवानने हॉर्नला लावला. आता आवाज गोल, भरदार आला. सत्यवान खूश झाला. राधाबाई पुन्हा नाहीच म्हणाल्या.

"काकी, मीटर बरोबर सा व्होल्ट दाखवता. मगे आवाज कसो चुकतलो?"

"तो दमलेलो होतो रे."

हॉर्न दमतो कसा? सत्यवान बुचकळ्यात पडला. राधाबाईंनी मग तोंडाने आवाज काढून दाखवला. हसायची चोरी, म्हणून मिस्त्री बॉनेटात डोकं खुपसून बसला. डोक्यात मात्र त्याच्या नुसता गुंता झाला होता.

तिन्हीसांजेला राधाबाई दिवा लावायला आत गेल्या. सत्यवानने चाचपडत वायपरची वायर जोडली. वायपर फिरू लागला. नीट फिरतोय का बघायला तो आत वाकला आणि त्याचं कोपर हॉर्नवर पडलं. आवाज घोगरा आला, चढ चढून आलेल्या माणसासारखा. वायपरही काचेवर रेंगाळला.

"इले," आतून राधाबाई म्हणाल्या. पाठोपाठ चहाच्या भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

सुदेशला चूक लगेच दिसली. वायपरची वायर हॉर्नच्याच रेझिस्टरवर जोडली गेली होती, त्यामुळे वायपर चालू असला की हॉर्नला वीज पुरत नव्हती. डॉक्टर तिन्हीसांजेला घरी यायचे तेव्हाही असंच व्हायचं: दिवे लागलेले, पावसात वायपर चालू, बॅटरी उतरत आलेली. सत्यवानला दमणं आत्ता कळलं. सुदेश वायर सोडवायला वाकला, तसा मिस्त्रीने त्याचा हात धरला.

"चूक माजीच. पण रवांदे ती."

सकाळी सुदेश निघाला. निरोप द्यायला सत्यवान आला होता. वळणावर सुदेशने कोरड्या काचेवर वायपर लावला आणि आईला बरं वाटावं म्हणून हॉर्न दाबला. तोच दमलेला आवाज आला. राधाबाई सवयीने आत वळल्या, भांडं ठेवून त्यांनी गॅस पेटवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"जाताना ते हॉर्न कधीच वाजवी नसत," त्या ओट्यावरच्या सत्यवानला म्हणाल्या.

मग त्यांनी गॅस बंद केला.