गोरक्षची पोटदुखी

खडकवणीत त्या दिवशी भांडण पेटलं ते रोगांच्या वाटणीवरून.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, वाफ्यात कांद्याची रोपं पिवळी पडत होती, आणि गावातले सहा धडधाकट बाप्ये पंचायतीच्या ओसरीवर बसून आपल्याला काय झालंय ते ठरवत होते. दुसऱ्या दिवशी नाशिकहून मोठे साहेब सरकारी दवाखाना तपासायला येणार होते. दवाखान्यात सहा खाटा होत्या, सहा लाल ब्लँकेटं होती, फक्त पेशंट नव्हता. पेशंट नव्हता, कारण डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, तेही रस्त्याला चिखल नसला तर. आणि डॉक्टर येत नव्हते, कारण पेशंट नव्हता. आता वरून कागद आला होता, की खाटा रिकाम्या दिसल्या तर दवाखाना दुसऱ्या गावाला हलवू.

"दवाखाना गेला तर मागून एसटी बी जाईल," सरपंच पुंजाआप्पा म्हणाले. "सहा जन निजा. दोन-तीन घंट्याचं काम हाय. दूध-पाव मिळंल."

कंपाउंडर मल्हारी वहीतून एकेक रोग वाचू लागला.

"गोटीराम, कावीळ."

"कावीळ नको. पोरीची सोयरीक चाललीय. पावने म्हनतील घरात रोग हाय."

"मंग खरूज घे."

"आरं, सोयरीक चाललीय म्हनतो आन खरूज काय देतो?"

शेवटी गोटीरामनं मोडका पाय घेतला. पाय मोडलेल्या माणसाला लोक निदान बसायला जागा देतात, असं त्याचं म्हणणं. दमा एका म्हाताऱ्यानं मागून घेतला, त्याला खोकण्याची हौस होती. सगळ्यांचं भागल्यावर गोरक्षच्या वाट्याला हगवण उरली.

"ही मला नको," गोरक्ष म्हणाला. "सासरवाडीला कळलं तर?"

"खुळा हाय का?" मल्हारी म्हणाला. "हगवनीला सलाईन लागतंय. आख्ख्या दवाखान्यात एकच बाटली हाय. ती तुझ्या उशाशी टांगनार. साहेब पयला तुझ्याकडंच बघंल."

एकुलती एक बाटली आपल्या नावावर म्हटल्यावर गोरक्ष विरघळला.

"पन वहीत पोटदुखी लिव्ह."

मल्हारीनं पोटदुखी लिहिली.

सकाळी नऊला सगळे आंघोळ करून आजारी पडले. मल्हारीनं गोरक्षच्या उशाशी बाटली टांगली, सुई न टोचता नळी नुसती पट्टीनं मनगटाला चिकटवली आणि बजावलं, "हात हलवू नको. मधूनमधून कण्ह." बाटली गच्च भरलेली. गोरक्षनं तिच्याकडं बघून एकदा कण्हून पाहिलं. शेजारून गोटीराम म्हणाला, "म्हस वितेय का रं?"

दहाच्या सुमाराला दारात बैलगाडी थांबली. साहेब आले समजून सहाही जण कळवळले. पण आवाज आला तो भिकनचा, गोरक्षच्या दाजींचा. माळवाडीहून नदी ओलांडून ते आले होते आणि गाडीत गोरक्षची थोरली बहीण कुसाबाई होती.

"रात्रीपून चाळीस येळा झालं," भिकन सांगत होते. "पानी पोटात ठरंना. डोळं बघा कसं आत गेलं. सलाईन लावा भाऊ."

"आज साहेब येनार हायेत," मल्हारीचा आवाज खाली आला. "खाटा भरल्यात. बाटली बी चालू हाय एकाला. वटीवर निजवा. घंटाभर दम काढा."

गोरक्षनं ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं.

खरं तर त्यानं उठायचं होतं. नळी चिकटवलेली होती, एका हिसक्यात निघाली असती. पण उठलं की आक्का विचारणार, तू हितं कसा? सगळ्या ओसरीसमोर सांगायचं काय? की मी गावाच्या वतीनं हागतोय? तो भिंतीकडं तोंड करून पडला.

"ती तुझी भईन नव्हं?" गोटीराम कुजबुजला.

"गप. मी आजारी हाय."

"आरं, ती..."

"गप म्हनलं ना."

ब्लँकेटात उकडत होतं. बाहेरून कुसाबाईच्या ओकाऱ्या ऐकू येत होत्या, आधी मोठ्यानं, मग बारीक, मग नुसताच घसा खरवडल्यासारखा आवाज. आई गेल्यावर हिनंच त्याला कडेवर वागवला होता. गोरक्षनं मनात म्हटलं, साहेब आता येईल. पुन्हा तेच म्हटलं. मग त्यानं म्हणणं सोडून मोजायला घेतलं, आणि दोनशेच्या पुढं आकडे चुकायला लागले.

पाऊस आडवा झाला, ओसरीवर पाणी यायला लागलं, तशी भिकननं बायकोला आत आणून दोन खाटांच्या मधल्या फरशीवर निजवलं. तिथून कुसाबाईला दुसरं काही दिसत नव्हतं, ब्लँकेटातून बाहेर आलेला एक पाय तेवढा दिसत होता. पायाला सहा बोटं.

"गोरख?" ती म्हणाली. "माझा गोरख हाय ह्यो. आवो, ह्याला काय झालं?"

आता ब्लँकेटाचा काही उपयोग नव्हता. गोरक्ष उठून बसला. नेमकी तेव्हाच दारात जीप थांबली आणि साहेब, डॉक्टर, पुंजाआप्पा असे सगळे चिखलाच्या बुटांनी आत आले.

"ही बाई खाली का?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरांनी वाकून नाडी धरली. "हिला आत्ताच्या आत्ता सलाईन पाहिजे."

मल्हारी बाटलीकडं बघायला लागला. बाटलीकडं बघता बघता सगळेच गोरक्षकडं बघायला लागले.

"त्याची काढू नका," कुसाबाई फरशीवरून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "त्याला लावलीय ती ऱ्हाऊ द्या. मी काय, माझी पोरं मोठी झाली."

गोरक्षनं पट्टी ओढली, नळी काढली.

"साहेब, मला काय झालं नाय. मी ठनठनीत हाय. सकाळी चार भाकरी खाऊन आलोय. आमी समदेच..."

पुंजाआप्पा जोरात खोकले. दमेकरी म्हाताऱ्याला वाटलं आपली पाळी आली, त्यानंही खोकला लावून दिला.

"खोटं बोलतोय साहेब," कुसाबाई म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलतोय. ल्हानपनापासून आसाच हाय त्यो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवून ते डॉक्टरांना म्हणाले, "माणूस बघा. लावा ती बाटली हिला." गोरक्ष पुन्हा सांगायला गेला, तर साहेबांनी त्याला बोलूच दिलं नाही. आजारी माणसानं फार बोलू नये म्हणाले.

बाटली भरलेलीच होती, ती पुरी कुसाबाईला गेली. दुसरी आणायला साहेबांनी आपली जीप लासलगावला पाठवली. संध्याकाळी कुसाबाईनं डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "गोरखला दुसरी बाटली लावली का?" साहेबांच्या हुकुमानं लावली होती. या खेपेला सुईसकट.

दवाखाना गावातच राहिला. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, सर्व खाटा भरलेल्या, रुग्णांत परस्परप्रेम चांगले. पुढच्या आठवड्यापासून डॉक्टर पुन्हा चिखल बघून यायला लागले.

भाऊबीजेला गोरक्ष माळवाडीला गेला. कुसाबाईनं मांडे केले होते. ओवाळून झालं, पानं मांडली. सगळ्यांच्या पानात मांडा आणि तूप-दूध. गोरक्षच्या पानात मऊ भात आणि ताक.

"तुझं पोट नाजूक," कुसाबाई म्हणाली. पंगतीतल्या पाहुण्यांना तिनं सांगितलं, "ह्योच त्यो. सोताची बाटली काढून मला दिली ह्यानं." पाहुण्यांनी हात थांबवून त्याच्याकडं पाहिलं.

हात धुताना दोघंच होती, तेव्हा गोरक्ष म्हणाला, "आक्का, मला तवा खरंच काय झालं नव्हतं."

"व्हय. साहेबाला बी तू आसंच म्हनला व्हता."

"तसं नाय. तू वटीवर व्हती ना, तवा मी जागा व्हतो. तुझा आवाज मी वळखला व्हता. वळखून तोंडावर पांघरून घेतलं."

कुसाबाईनं तांब्या खाली ठेवला. त्याच्याकडं बघत राहिली. गोरक्षनं मान खाली घातली.

"किती कळा मारत आसतील रं तुला तवा," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "चल, आजून थोडा भात खा."

गोरक्ष पुन्हा पानावर जाऊन बसला.

"ताक वाढू?"

"वाढ," तो म्हणाला.