ड की उ

"दहावी अर्धी सोडलेल्याले अक्षर कायचं येते! डावी दाढ सांगतली होती, तू कार्डावर उजवी लिहिली," सुमेधाताई पेशंटसमोरच ओरडली.

खुर्चीत इंदूबाई आपला चांगला उजवा गाल बधिर करून बसल्या होत्या. दुखत होती डावी दाढ.

आर्णीच्या या दातांच्या दवाखान्यात पियुष बावीस दिवसांपासून जुन्या मदतनीस सुमेधाताईच्या हाताखाली काम शिकत होता आणि आज हाकलतील अशीच लक्षणं होती. त्याचं टाळकं सरकलं.

"म्या ड लिहिला. डॉक्टरसाहेबानं उ वाचला. एकच अक्षर लिवत जाय, हे तुम्हीच शिकवलं न?"

"माझा ड दहा वर्षांत कोणी चुकीचा वाचला नाही."

पियुषनं कपाटातून तिच्याच हातचं जुनं कार्ड ओढलं आणि डॉक्टर कमलाकरांपुढं धरलं. "वाचा बरं साहेब."

डॉक्टरांनी चष्मा सावरला. "उ. म्हणजे उजवी."

"ड आहे तो!" सुमेधाताईच्याच तोंडून निघालं.

इंदूबाई वाकड्या तोंडानं हसल्या. डॉक्टर मात्र लाल झाले.

"जास्त शहाणा झाला का? ताईची माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

पियुषनं हातमोजे काढून कचऱ्यात फेकले. "ज्याइचा गाल बधिर झाला त्याइची मांगतो. मावशी, माफ करा. मले आता निघा लागते."