कोंबडीची शर्यत

पार्सल उघडलं तेव्हा ताईला वाटलं, पत्ता चुकलाय. दिवसभर प्लॅस्टरमध्ये हात घालून कवळ्या घडवणाऱ्या पन्नाशीच्या बाईला व्हिडिओ गेम कोण कशाला पाठवील? मग डब्यावरची कोंबडी दिसली आणि खाली चिठ्ठी: ‘रविवारी, चार वाजता.’ अक्षर धाकट्या भावाचं. आई गेल्यापासून दोन वर्षं ज्याने तोंड दाखवलं नव्हतं, त्या ठोंब्याचं.

कोंबडी दोघांच्या ओळखीची होती. आई ज्या लाँड्रीत इस्त्री करायची, तिथे कोपऱ्यात खेळाचं एक उभं यंत्र होतं. कोंबडी बोळाबोळांतून पळायची, मागे कोल्हे. कोल्ह्याने धरलं की पाळी दुसऱ्याची. त्यावरून इतकी हाणामारी व्हायची की शेवटी आईने कायदाच केला: धाकटा आधी, आणि ज्याची पाळी नसेल त्याने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. आता त्याच कोंबडीला कुणीतरी चिमुकल्या गाडीत बसवून शर्यतीला सोडलं होतं. कोल्हेसुद्धा गाडीतून. चांगले दिवस आले म्हणायचे!

तो आठवडाभर ताईचं कामात चित्त नव्हतं. एका कवळीला तिने दोन्ही सुळे एकाच बाजूला बसवले आणि साहेबांची बोलणी खाल्ली. घरी बोलायला कुणी नव्हतंच. जेवताना समोरची आईची रिकामी खुर्ची दिसू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला भाऊ परत हवा होता, बाकी काही नको होतं.

रविवारी चारला तिने हेडफोन चढवले. पडद्यावर तिची पिवळी गाडी, शेजारी त्याची लाल. कानात त्याचा श्वास येत होता, पण बोलायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. दिवा हिरवा झाला. कोल्हे सुसाट सुटले. लाल गाडी मात्र ढिम्म हलेना. कोल्ह्यांची एक फेरी झाली, दुसरी झाली. नुसती चेष्टा करायला बोलावलं की काय याने?

“ताई, जा की,” तो एकदम म्हणाला.

“मी कशी जाऊ? धाकटा आधी!”

“मी केव्हाचा थांबलोय. म्हटलं, या वेळी तू आधी.”

“आणि हात?”

“मागे बांधलेत. तुझे?”

“माझेही.”

शर्यतीत सगळ्यांनी एकदम सुटायचं असतं, हे दोघांच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. हसता हसता ताईचे डोळे भरून आले. कोल्हे जिंकून मोकळे झाले.

मग तो हळूच म्हणाला, “माझंच चुकलं, ताई. आईला शेवटचं भेटायला मिळालं नाही म्हणून तुला नको नको ते बोललो. एका रात्रीत सगळं आटोपलं, तू तरी कधी कळवणार होतीस?”

नुसतं ‘हो रे’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने तोंडही उघडलं होतं. पण तो इतका कळवळून माफी मागत होता की तिला खरं गिळून बसवेना.

“एका रात्रीत नाही झालं,” ती म्हणाली. “चार दिवस होते. आई तुझी वाटही बघत होती. मीच कळवलं नाही. तू आलास की ती तुझीच होऊन जायची, नेहमीच. ते चार दिवस मला एकटीला ती हवी होती.”

कानातला त्याचा श्वास एकदम तुटला, आणि लाल गाडी पडद्यावरून नाहीशी झाली.

ताईने दोनदा हाक मारली. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता. तिला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकं वाटण्याचीच तिला फार लाज वाटली.